आधी सडा, मग रांगोळी

आधी एक कबुली देते. २०२३च्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, आम्ही दहा-बारा जणांनी मिळून व्हाइटफील्डमधल्या आमच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेली एक लोखंडी पेटी रंगवली. मेट्रो नुकतीच कडुगोडीपर्यंत आली होती आणि आपल्या भागाला आता बरे दिवस येणार असं सगळ्यांना वाटत होतं. कुणी ॲक्रिलिकचे डबे आणले, कुणी ब्रश, कुणी इडल्या. पेटी राखाडी होती, खालून गंजलेली होती, तिच्यावर पीजीच्या आणि मूळव्याधीच्या जाहिराती डकवलेल्या होत्या. आम्ही त्या खरवडल्या, पिवळ्या रंगाचे दोन हात मारले आणि त्यावर एक भलंमोठं निळं फुलपाखरू काढलं. दुपारी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले आणि समाधानाने घरी जाऊन जेवलो.

पेटीचं दार मोडलेलं होतं. बिजागरी तुटली होती आणि कुणीतरी ते तारेने बांधून ठेवलं होतं. आम्हाला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. फुलपाखराचा डावा पंख नेमका त्या तारेवरून जात होता. तार डोळ्यांत खुपू नये म्हणून आमच्यातल्या एकाने तिच्यावरूनही ब्रश फिरवला. दारावर कवटीचं चित्र असलेली पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर कन्नडमध्ये ‘अपाय’ असं लिहिलेलं होतं. कन्नडमध्ये अपाय म्हणजे धोका. मराठी माणसालाही हा शब्द भाषांतराशिवाय कळतो; मला तर नक्कीच कळला होता. पण पाटी रंगसंगतीत बसत नव्हती, तेव्हा तिच्यावरूनही पिवळा हात फिरला. ती पेटी पथदिव्यांची होती, केबलची होती की आणखी कशाची, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

हा लेख त्या रविवारच्या विरोधात आहे. आमच्यासारख्यांचे असे रविवार आता सगळ्याच शहरांत भरतात, म्हणून तो लिहायचा.

या उद्योगाला एक ठरलेलं वाक्य आहे: शहरातल्या दुर्लक्षित वस्तू आपण रंगांनी उजळवू या. खांब, डीपी, गटारांवरची झाकणं, पुलाखालचे खांब, कचऱ्याचे कोपरे, संरक्षक भिंती. वाक्य इतकं गोड आहे की त्याला कुणी हरकत घेत नाही. मला त्यातल्या दोन शब्दांबद्दल हरकत आहे. पहिला शब्द ‘दुर्लक्षित’. दुर्लक्ष करायला कुणीतरी लागतं. मुलाच्या दप्तरावर ‘दुर्लक्षित’ लिहून शिक्षक मोकळे होत नाहीत, आईबापांना बोलावून घेतात. पण वस्तू रस्त्यावरची असली की दुर्लक्ष हा तिचा अंगचाच गुण असल्यासारखे आपण बोलतो. कुणाचं दुर्लक्ष, कधीपासून, त्यासाठी पगार कुणाला मिळतो, हे प्रश्न रंगाच्या डब्यात बुडून जातात. दुसरा शब्द ‘उजळवणं’. मोडक्या दाराला उजाळा दिला की ते दुरुस्त होत नाही, फक्त मोडकं दिसायचं थांबतं. आणि ते दिसायचं थांबलं की कुणी तक्रारही करत नाही.

आपल्याकडे तात्पुरती रस्त्यावरची कला काही नवी नाही. ती रोज पहाटे काढली जाते आणि नऊ वाजेपर्यंत पुसली जाते. माझी आई अंगणात रांगोळी काढायची. तिचा एक नियम होता आणि तो घरातल्या देवाइतकाच पक्का होता: आधी झाडलोट, मग सडा, मग रांगोळी. केरावर रांगोळी काढणं हे तिच्या लेखी आळसापेक्षा वाईट होतं. ते ढोंग होतं. घाईच्या दिवशी रांगोळी राहिली तर चालायची, सडा राहिलेला चालायचा नाही. आणि दुपारी सायकलीच्या चाकाने रांगोळी फिसकटली तर तिला कधी वाईट वाटल्याचं आठवत नाही. उद्या पुन्हा झाडायचंच होतं.

इथे कर्नाटकात तिला रंगवल्ली म्हणतात. व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतींच्या मागे जी जुनी गावं अजून शिल्लक आहेत, तिथे आजही पहाटे दारात पाण्याचे सडे पडतात आणि ठिपक्यांच्या ओळी उमटतात. आमच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी बाई फुटपाथवरच्या तिच्या चार फूट जागेपुढे रोज एवढीशी रंगवल्ली काढते. तिने ती जागा आधी झाडलेली असते, धुतलेली असते. तिचा फोटो कुणी काढत नाही. आपल्या ‘स्ट्रीट आर्ट’च्या यादीत ती नाही, कारण तिला भिंतही लागत नाही आणि प्रायोजकही. पण या शहरात वस्तू उजळवण्याचा खरा शिरस्ता तिचा आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्याच क्रमावर उभं आहे. आधी सडा, मग रांगोळी. हा क्रम उलटला की कला फसवी होते.

आता जागेबद्दल. व्हाइटफील्ड हे नाव पांढऱ्या रंगावरून पडलेलं नाही. डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी खटपट केली, १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि तिथे गोल रस्त्याभोवती बंगल्यांचं एक छोटंसं गाव वसलं. नव्वदच्या दशकात आयटीपीएल उभं राहिलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या गावाच्या अंगावर एक महानगर येऊन बसलं. आधी इमारती आल्या, मग माणसं, मग गाड्या, आणि सगळ्यांत शेवटी, जमेल तिथे, फुटपाथ. क्रम इथेच उलटला होता.

या फुटपाथवरून चालताना जे जे अडखळवतं त्या प्रत्येकाचा मालक वेगळा आहे. विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बेस्कॉमचा. मॅनहोलचं झाकण पाणीपुरवठा आणि मलनिःसारण मंडळाचं. पावसाळी गटार आणि त्यावरची फरशी महापालिकेची. वरून जाणारा मार्ग आणि त्याचे खांब मेट्रोचे. लोंबणाऱ्या काळ्या केबली इंटरनेटवाल्यांच्या. त्यात २०२५मध्ये बृहत् बेंगळुरू महापालिकाच गेली, तिच्या जागी पाच नगरपालिका आल्या आणि आम्ही पूर्वेकडच्या नगरपालिकेत गेलो. फुटलेली फरशी मात्र जिथे होती तिथेच आहे. या वस्तू राखाडी आहेत म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या नाहीत. एका खात्याने रस्ता खणायचा, दुसऱ्याने बुजवायचा आणि तिसऱ्याने ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायचं, या व्यवस्थेत त्या दुर्लक्षित राहतात. या आजारावर रंगाचा डबा हे औषध नाही. रंग लावल्यावर फक्त एक चौथा मालक तयार होतो, तो म्हणजे आम्ही रविवारवाले. आणि आमची मालकी फोटोपुरती असते.

१९ नोव्हेंबर २०२३. हा दिवस बहुतेकांना अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यामुळे आठवत असेल. त्या दिवशी पहाटे व्हाइटफील्डच्या होप फार्म चौकाजवळ बाहेरगावाहून परतलेलं एक कुटुंब फुटपाथवरून घरी निघालं होतं. फुटपाथवर विजेची तार तुटून पडलेली होती आणि तिच्यात प्रवाह होता. अंधारात त्या तरुण आईचा पाय तिच्यावर पडला. तिच्या कडेवर नऊ महिन्यांची मुलगी होती. दोघीही गेल्या. वाचवायला धावलेला नवरा भाजला. गुन्हा नोंदवला गेला, बेस्कॉमचे अधिकारी निलंबित झाले, वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या.

मी दुसऱ्या दिवशी आमच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिले. होप फार्मच्या अपघाताशी त्या पेटीचा काहीही संबंध नव्हता. पण पिवळ्या रंगाखालून कवटीचा उंचवटा दिसत होता आणि तारेने बांधलेलं दार वाऱ्याने हलत होतं. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही जिच्यावर फुलपाखरू काढलं ती वस्तू लहान मुलांनी लांब राहावी अशी होती. फुलपाखरू मुलांना जवळ बोलावतं. आमच्या रंगकामाचा एवढा एकच परिणाम मला खात्रीने सांगता येईल.

इथे कुणी म्हणेल, मग रस्त्यावर रंग लावूच नये की काय? लावावा. याच शहरात एका चित्रकाराने तो कसा लावायचा हे दहा वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे, आणि आम्ही त्याचे व्हिडिओ पाहून टाळ्या वाजवल्या, पण त्यातून काही शिकलो नाही.

बादल नंजुंडस्वामी मूळचे म्हैसूरचे. जून २०१५मध्ये बेंगळुरूच्या सुलतानपाळ्य भागात रस्त्याच्या मधोमध एक प्रचंड खड्डा पडलेला होता आणि त्यात पाणी साचलेलं होतं. नंजुंडस्वामींनी त्याच्या कडा हिरव्या रंगवून त्याचं तळं केलं आणि त्यात फायबरची एक मगर आणून सोडली. लोक थांबले, हसले, फोटो काढले. बातमी देशभर गेली आणि इतके दिवस न दिसलेला खड्डा पालिकेला दिसला. तो बुजवला गेला. मगर उचलून नेली. सप्टेंबर २०१९मध्ये, चांद्रयान-२ चंद्राच्या जवळ पोचलं होतं तेव्हा, शहराच्या पश्चिमेला हेरोहळ्ळी भागातल्या एका रस्त्यावर त्यांनी एका नटाला अंतराळवीराचा पोशाख चढवून रात्री चालायला लावलं. तो जड पावलं टाकत विवरांमधून चाललेला दिसतो, आपण श्वास रोखून पाहतो, आणि तेवढ्यात त्याच्या शेजारून एक रिक्षा जाते. चंद्रावरची विवरं म्हणजे बेंगळुरूचे खड्डे. लगोलग पालिकेची माणसं तिथे कामाला लागली.

या दोन्ही कामांत रंग होता, गंमत होती, तात्पुरतेपणा होता. आमच्या फुलपाखरातही हे सगळं होतं. फरक एवढाच की मगरीमुळे खड्डा जास्त दिसायला लागला आणि फुलपाखरामुळे मोडकं दार कमी दिसायला लागलं. मगर खड्डा बुजेपर्यंतच जगणार होती. तिच्या मरणात तिचं यश होतं. आमचं फुलपाखरू मात्र दार मोडकं राहिलं तरच टिकणार होतं, कारण दार बदललं की पंख जाणार. म्हणजे नकळत आम्ही दुरुस्तीच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहिलो होतो. तात्पुरत्या कलेची परीक्षा करायला माझ्याकडे आता हा एकच प्रश्न आहे: ही वस्तू दुरुस्त झाली तर चित्राचं काम फत्ते होईल, की चित्राचं नुकसान होईल?

इंग्लंडमधल्या बरी या गावात २०१५च्या सुमारास एका अनामिक माणसाने खड्ड्यांभोवती धुतल्यावर जाणाऱ्या रंगाने अश्लील आकृत्या काढायला सुरुवात केली. सभ्य लोक चिडले, परिषदेने निषेध केला, आणि खड्डे बुजू लागले, कारण खड्डा चालत होता, पण ती आकृती कुणालाच चालत नव्हती. याला मी थोर कला म्हणणार नाही. पण आपण कुणाला लाजवायला निघालो आहोत हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आमची फुलपाखरं कुणालाच लाजवत नाहीत. उलट ज्या साहेबांनी दार बदलायला हवं होतं, ते कार्यक्रमाला येऊन आमच्याबरोबर फोटोत उभे राहतात.

आणि ज्यांना रंगाची गंमत परवडण्यासारखी नसते ते काय करतात, हेही एकदा पाहून घ्यावं. मुंबईत दादाराव बिल्होरे नावाचे भाजीविक्रेते आहेत. २०१५च्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्याने त्यांचा तरुण मुलगा नेला. त्यानंतर ते स्वतः खडी-राबिट गोळा करून मुंबईतले खड्डे बुजवत आले आहेत. असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. पालिकेचं काम नागरिकाने का करावं, हा प्रश्न योग्यच आहे. पण निदान खड्डा म्हणजे काय, याबद्दल त्यांचा गोंधळ नाही. खड्डा हा त्यांच्यासाठी चित्राचा विषय होऊच शकत नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. ते मी स्वतःशी बरेच दिवस भांडून पाहिलेले आहेत.

पहिला आक्षेप: रंगवलेल्या कोपऱ्यावर लोक कचरा टाकत नाहीत, रंगवलेल्या भिंतीवर लघवी करत नाहीत, मग रंगाचा उपयोग नाही असं कसं म्हणता? मी तसं म्हणत नाही. ‘द अग्ली इंडियन’ हा नाव न सांगता काम करणारा गट २०१० पासून बेंगळुरूत हेच करतो आहे, आणि व्हाइटफील्डमध्ये २०१३ पासून ‘व्हाइटफील्ड रायझिंग’च्या नागरिकांनीही अशी कामं केली आहेत. पण त्यांचा क्रम पाहा. आधी कचरा उचलायचा, जागा धुवायची, फुटकी फरशी बसवायची, मग भिंतीला खालून गेरूच्या रंगाचा पट्टा ओढायचा. त्यांचा रंग शेवटी येतो. माझ्या आईला तो मान्य झाला असता. आमच्यासारख्या नकलाकारांनी त्यांच्या कामातली शेवटची पायरी तेवढी उचलली, कारण ती सर्वांत स्वच्छ आणि फोटोत सर्वांत चांगली दिसणारी होती.

दुसरा आक्षेप: प्रत्येक गोष्टीचा उपयोग का मोजायचा? बस न आलेल्या स्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीला खांबावरचं घुबड पाहून हसू आलं तर तेवढं पुरे नाही का? हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण ते हसू खरं आहे. लंडनमध्ये बेन विल्सन नावाचा चित्रकार वीसेक वर्षं फुटपाथवर पोटावर झोपून, लोकांनी थुंकलेल्या आणि दगडाला चिकटून बसलेल्या च्युइंगगमवर इवलीइवली चित्रं रंगवतो आहे. पायाखालची, किळसवाणी, कुणीही न पाहिलेली वस्तू. तिच्यावर नखाएवढं चित्र. मला ते अतिशय आवडतं. पण च्युइंगगमने कुणी मरत नाही. तिच्यावर चित्र काढल्याने कुणाची तक्रार बुजत नाही, कुणाचं कर्तव्य झाकलं जात नाही. निखळ आनंदासाठी वस्तू निवडायची तर अशी निवडावी. थकलेली भिंत घ्या, बंद दुकानाचं शटर घ्या, झाडाभोवतीचा दगडी पार घ्या. ज्या वस्तूत वीज आहे, जिच्याखाली गटार आहे, जिच्यावर माणसाचं वजन पडणार आहे, ती वस्तू आनंदासाठी मोकळी नाही. तिच्याकडून आधी तिचं काम करून घ्यायचं आहे.

तिसरा आक्षेप: यातून कलावंतांना काम मिळतं. मिळतं, आणि मिळायला हवं. २००९च्या सुमारास बेंगळुरूच्या महापालिकेने भिंतींवरची पोस्टरं थांबवण्यासाठी शहरभर भिंती रंगवून घेतल्या, तेव्हा फ्लेक्सने ज्यांचा धंदा बुडवला होता ते सिनेमाचे फलक रंगवणारे कारागीर पुन्हा कामाला लागले. त्यांच्या हातात कसब होतं. त्यांनी धबधबे काढले, वाघ काढले, हंपी काढली, घनदाट जंगलं काढली. पण त्याच काळात रस्तारुंदीकरणासाठी खरी झाडं पाडली जात होती आणि नागरिक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. भिंतीवर झाड आणि भिंतीसमोर बुंधा, असं चित्र या शहराने पाहिलं आहे. दोष कारागिरांचा नव्हता; त्यांना भिंत दिली गेली, विषय दिला गेला. कलावंताला काम द्यायचं तर मगरीचं काम द्या. बुंध्यामागे जंगल रंगवण्याचं काम त्याला देणं म्हणजे त्याच्या हातून आपलं पाप झाकून घेणं आहे.

मराठी वाचकांपाशी आणखी एक गोष्ट बोलायची आहे. आपल्या रविवारवाल्यांना काय काढावं हे सुचलं नाही की ते वारली काढतात. व्हाइटफील्डमध्ये सोसायट्यांच्या भिंतींवर, बागेतल्या पाण्याच्या टाकीवर, केबलच्या पेट्यांवर तारपा वाजवणारा वारली आणि त्याच्याभोवतीचा फेर सर्वत्र दिसतो. वीटकरी रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं काढायला सोपी वाटतात. पण ही कला पालघर-डहाणूच्या घरांत जशी होती तशी आठवून पाहा. लग्न ठरलं की सवाशिणी सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. आधी भिंत सारवायची, मग लिहायचं. तिथेही क्रम तोच. लग्नाचं निमित्त असल्याशिवाय चौक नसायचा, आणि लग्न झाल्यावर तो धुराने, पावसाने पुसट होऊन जाऊ द्यायचा. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी निमित्ताशिवाय, रोज, स्वतःच्या मनाने चित्रं काढायला सुरुवात केली आणि या कलेला कागदावर व जगात नेलं; ती त्यांची प्रतिभा होती आणि २०११मध्ये त्यांना मिळालेला पद्मश्री त्या प्रतिभेचा सन्मान होता. आम्ही मात्र प्रतिभाही घेतली नाही आणि निमित्तही घेतलं नाही. तात्पुरती कला उचलून तिला न पुसणाऱ्या ऑइलपेंटमध्ये पक्की केली, आणि जिथे सारवण हवं होतं तिथे ती थेट गंजावर चढवली.

शेवटी प्रश्न उरतो सडा कोण घालतं, हा. बेंगळुरूत तो पौरकार्मिक घालतात. त्यांत बहुसंख्य बाया आहेत, बहुसंख्य दलित आहेत. उजाडण्यापूर्वी त्या झाडायला लागतात. जुलै २०२२मध्ये याच पौरकार्मिकांनी नोकरीत कायम करावं म्हणून संप केला. चार दिवसांत शहराला सडा म्हणजे काय ते कळलं. आम्ही रविवारी रंगवायला उतरलो तेव्हा आमच्या पेटीभोवतीची जागा त्यांच्यापैकीच एकीने सकाळी झाडून ठेवलेली होती. ती फोटोत नाही. आमच्या समाजाची ही जुनी विभागणी आहे: झाडणारे हात वेगळे आणि रांगोळी काढून कौतुक घेणारे हात वेगळे. ही विभागणी मोडणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री त्याच लोकांसमोर कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तन ही त्यांची कला होती आणि ती भल्याभल्या कलावंतांना लाजवणारी होती. पण ती दिवसभराच्या झाडण्यानंतर यायची. म्हणून ती ऐकून घेतली जायची.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. रस्त्यावरची कोणतीही वस्तू रंगवण्याआधी ती कुणाची आहे ते शोधा. ती मोडकी असेल तर आधी तक्रार नोंदवा, आणि तक्रारीचा क्रमांक व तारीख चित्रापेक्षा ठळक लिहा, कन्नडमध्येही लिहा. धोक्याच्या पाटीला हात लावू नका. ती पुसट झाली असेल तर आधी तीच रंगवा. रंग असा वापरा की जो पावसात जाईल, म्हणजे दुरुस्ती झाली नाही तर पुन्हा यावं लागेल. दुरुस्ती झाल्यावर मात्र चित्र पुसून टाकायची तयारी ठेवा. हे सगळं जड वाटत असेल तर घरी कॅनव्हासवर चित्र काढा; कॅनव्हासचा कुणाला शॉक बसत नाही.

आमच्या पेटीचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. मी तक्रार नोंदवली. पाटीवरचा रंग खरवडून काढला. मग रोज सकाळी फिरायला जाताना खडूने पेटीवर लिहू लागले: तक्रारीचा क्रमांक, किती दिवस झाले तो आकडा, आणि वर ‘अपाय’. माझं कन्नड अक्षर पाहून फुलवाली हसली. तिने खडू घेऊन ते नीट लिहून दिलं आणि खाली आपल्या मनाने ‘बागिलु मुरिदिदे’ असं जोडलं, म्हणजे दार मोडलं आहे. पावसाने ते पुसलं जायचं, आम्ही पुन्हा लिहायचो. बारकी पोरं येताजाता मोठ्याने आकडा वाचायची. चौथ्या आठवड्यात दार बदललं गेलं.

नवं दार राखाडी आहे. त्याला कुलूप आहे. बाजूच्या पत्र्यावर फुलपाखराचा उजवा पंख तेवढा शिल्लक आहे. परवा आमच्या गटावर कुणीतरी लिहिलं की अर्धं फुलपाखरू बरं दिसत नाही, येत्या रविवारी पूर्ण करू या. मी उत्तर पाठवलं आहे: पेटीशेजारच्या गटारावरची फरशी फुटली आहे. आधी ती.